व्हीएचएस ते हार्ड डिस्क : घरच्या टीव्ही रेकॉर्डिंगच्या प्रकल्प नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

पेटीतल्या कॅसेटी वर्षांप्रमाणे न लावता तब्येतीप्रमाणे लावल्या. सगळी डोंबिवली वर्ल्ड कपच्या फायनलपुढे बसलेली, त्यामुळे दुपारभर कुणी दार वाजवलं नाही.

बाबांनी साधारण १९८६ पासून १९९७ पर्यंत टीव्हीवरून भरलेल्या या व्हीएचएस कॅसेटी. बहुतेक ई-१८०, म्हणजे नेहमीच्या वेगात तीन तास. काहींवर एलपीत रेकॉर्डिंग आहे. टेप निम्म्या वेगाने धावते, सहा तास मावतात आणि चित्र त्याच हिशेबाने बिघडतं. लेबलं बाबांच्या अक्षरात, पण माहिती बेताचीच: ‘बातम्या + गाणी’, ‘ग्रहण’, ‘विसर्जन ९३’, ‘पुसू नये’.

कॅसेटीच्या खिडकीतून टॉर्च मारून रिळाच्या कडा पाहिल्या. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, की बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटीला बुरशी लागली नाही तरच नवल. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जाते. बुरशीवाल्या वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद केल्या. त्या सगळ्यात शेवटी, आणि दुसऱ्या मशीनवर.

२५ नोव्हेंबर, शनिवार

काकांनी मस्कतहून आणलेला व्हीसीआर सुरू होतो, पण कॅसेट आत घेऊन लगेच बाहेर टाकतो. लॅमिंग्टन रोडला अजूनही एक मेकॅनिक काका हे काम करतात. त्यांनी झाकण उघडलं, रबरी पट्टा बोटाने ओढून दाखवला आणि म्हणाले, “हा गेला. रबराला वय असतं, मशीनला नसतं.” पट्टे बदलले, टेप ओढणारा पिंच रोलर बदलला. हेड साफ करताना त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शमॉयचा (मऊ कातड्याचा) तुकडा हेड बसवलेल्या ड्रमवर स्थिर धरला आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवला. तुकडा वर-खाली घासायचा नाही, हेडचं टोक तुटतं. कानातली कापसाची काडी तर अजिबात नको, तिचे धागे अडकतात.

निघताना त्यांनी एक सल्ला दिला: “कॅप्चरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवण्याच्या आधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळव आणि मग मागे आण.” वर्षानुवर्षं एकाच ताणात गुंडाळलेली टेप कुठे कुठे चिकटलेली असते, ती चालू रेकॉर्डिंगमध्ये सुटण्यापेक्षा आधीच मोकळी झालेली बरी.

२ डिसेंबर, शनिवार

साखळी अशी लावली: व्हीसीआर, तिथून यूएसबी कॅप्चर स्टिक, तिथून कॉम्प्युटर. स्टिक हबवर न लावता थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टवर. सॉफ्टवेअर व्हर्च्युअलडब२. दिसायला ओबडधोबड आहे, पण किती फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, गळल्या आणि किती भरल्या हे ते समोर आकड्यात दाखवतं, आणि मला नेमकं तेच हवंय.

आपल्याकडचं प्रसारण पाल पद्धतीचं. ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ चित्राच्या, सेकंदाला २५ फ्रेम. कॅप्चर ७२० बाय ५७६, रंग ४:२:२, म्हणजे रंगाचा आडवा तपशील उजेडाच्या निम्मा. कागदावर गुणाकार केला: ७२० × ५७६ × २ बाइट × २५ म्हणजे सेकंदाला २ कोटी ७ लाख बाइट. तासाला सुमारे ७५ जीबी. एक ई-१८० म्हणजे सव्वादोनशे जीबी, तेही बातम्या आणि गाण्यांसाठी! म्हणून कॅप्चर हफवाययूव्हीत. हा लॉसलेस कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत आहे. माहिती नुसती घडी घालून ठेवतो, फेकत काही नाही. साइज निम्म्याच्या खाली येते, तासाला ३०-३५ जीबी.

तपशील टाकून फाइल लहान करणाऱ्या एमपीईजी किंवा एच.२६४ मध्ये थेट घेणं सोपं होतं; स्टिकसोबत आलेलं सॉफ्टवेअर तेच करतं. पण व्हीसीआरचा चांगला हेड आणि चांगली टेप यांची गाठ पुन्हा पडेलच असं नाही. आज जे पकडलं जाईल त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, हे आजच आणि धावत्या टेपवर ठरवायचं नाही.

३ डिसेंबर, रविवार

आवाजात सतत गुंगुं. ५० हर्ट्झचा हम. व्हीसीआरच्या मागे केबलवाल्याची वायर अजून लागलेली होती. केबलचं अर्थिंग एकीकडे, कॉम्प्युटरचं दुसरीकडे आणि मध्ये आमची ऑडिओ वायर. केबल काढली, हम गेला.

१० डिसेंबर, रविवार

या कामाचा खरा त्रास आज समजला.

बाबा जाहिराती लागल्या की पॉज दाबायचे. टेप महाग होती, जाहिरातींवर कोण घालवणार? त्यामुळे प्रत्येक कॅसेटीत दर दहा-पंधरा मिनिटांनी सांधा आहे. तिथे चित्र जागेवर धरणारे टेपवरचे सिंकचे ठोके तुटलेले असतात. व्हीसीआर अडखळतो, एक-दोन सेकंद चित्र उभं लोळतं, आणि स्टिकला वाटतं की सिग्नलच गेला. मग ती फ्रेम गाळते. आवाज मात्र साउंडच्या वाटेने न थांबता येत राहतो. तासाभराने निवेदिकेचे ओठ मिटतात आणि वाक्य नंतर संपतं.

शिवाय चित्राच्या वरच्या कडेला रेषा वाकून झेंड्यासारख्या फडफडतात. टेप ताणली-सैलावली की प्रत्येक रेषेची सुरुवात किंचित मागेपुढे होते. जुना सीआरटी टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, त्यामुळे बाबांना ते कधी दिसलंच नाही. कॅप्चर स्टिक मात्र घड्याळाला पक्की.

यावर उपाय टाइम बेस करेक्टरचा, टीबीसीचा. स्टुडिओतला टीबीसी परवडणार नाही. पण काही डीव्हीडी रेकॉर्डरच्या इनपुटलाच थोडीफार ही सोय असते: आत आलेला सिग्नल तो रेषेरेषेने सरळ करून आउटपुटला देतो. डिस्क घालावीही लागत नाही. ओळखीच्यांकडे कपाटात पडलेला एक रेकॉर्डर मिळाला. व्हीसीआर आणि स्टिकच्या मध्ये तो बसवला आणि फडफड जवळजवळ गेली. सांध्यांवर अजूनही एखादी फ्रेम गळते, पण स्टिक सिग्नल सोडत नाही. पुढे एस-व्हिडिओची वायर वापरली, म्हणजे रंग आणि उजेड वेगवेगळे जातात आणि बारीक पट्ट्यांच्या साडीवर खोटं इंद्रधनुष्य उमटत नाही.

आणि ज्या जाहिराती वाचवल्यामुळे हा सगळा ताप झाला, त्याच आता बघायला हव्याशा वाटतात. कुठे बाबांचा पॉज उशिरा दाबला गेलाय, तिथे चार-पाच सेकंदांची साबणाची जाहिरात सापडते. ती कापायची नाही, असं ठरवून टाकलं.

२४ डिसेंबर, रविवार

आज इंटरलेसिंग. टीव्हीची एक फ्रेम म्हणजे दोन फील्ड: आधी विषम रेषा, मग सम. दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून लेझीम खेळणाऱ्याचा हात कंगव्याच्या दातांसारखा दिसतो.

पहिला प्रश्न कोणती फील्ड आधी. स्टिककडून वरची आधी येते. डीव्ही कॅमकॉर्डरच्या फाइलींत खालची आधी असते. फील्ड सुट्या करून हळूहळू पुढे सरकवलं, हात दोन पावलं पुढे आणि एक मागे जात नाही ना ते पाहिलं. ठीक.

हे दात घालवणारा, म्हणजे डीइंटरलेस करणारा, याडिफ फिल्टर प्रत्येक फ्रेमची एकच फ्रेम बनवतो तेव्हा २५ मिळतात आणि अर्धी हालचाल जाते. प्रत्येक फील्डची एक फ्रेम बनवली तर ५० मिळतात, आणि स्टुडिओतलं चित्र पूर्वी टीव्हीवर जसं गुळगुळीत दिसायचं तसंच दिसतं. क्यूटीजीएमसी हा दुसरा फिल्टर त्याहून सरस, पण माझ्या मशीनवर एका तासाच्या टेपला रात्र लागते. लागू दे. रात्री कॉम्प्युटर नाहीतरी रिकामाच असतो.

चित्रपटांचं गणित वेगळं. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. पालमध्ये ती सरळ २५ च्या वेगाने पळवत. दोन्ही फील्ड एकाच फ्रेमच्या, त्यामुळे डीइंटरलेस करण्यासारखं काहीच नसतं. फिल्टर चालवला तर उलट चित्र बिघडतं. म्हणजे एकाच कॅसेटीत बातम्यांना एक वागणूक आणि त्यानंतरच्या मराठी चित्रपटाला दुसरी.

हे चालू असताना आई मागे येऊन उभी राहिली. एका गाण्याला म्हणाली, “अरे, हे इतक्या वरच्या पट्टीत नाहीये.” तिचा कान भजनी मंडळात तयार झालाय. बरोबरच होतं: २४ चे २५ केले की सगळं चार टक्क्यांनी वेगात जातं आणि सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढतो. पेटीवर शोधला तर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागतो. मास्टर, म्हणजे जपून ठेवायच्या, फाइलमध्ये प्रसारण झालं तसंच ठेवलं. आईसाठी गाण्यांचा वेगळा ऑडिओ मूळ वेगावर आणून दिला.

३१ डिसेंबर, रविवार

एच.२६४ चे प्रयोग. एनकोडर एक्स२६४, सीआरएफ पद्धत. सीआरएफमध्ये बिटरेट (सेकंदाला किती बिट) आपण ठरवत नाही, दर्जा ठरवतो; आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा. किती बिट लागतील ते एनकोडर बघून घेतो.

एक मजेदार तुकडा सापडला: प्रसारण खंडित झाल्यावर दाखवायची व्यत्ययाची पाटी. हलतं-डुलतं काही नाही, नुसती अक्षरं. कॉम्प्रेशनच्या तत्त्वाने पाहिलं तर जवळजवळ फुकट: पहिली फ्रेम साठवायची आणि पुढे ‘तेच ते’ म्हणत राहायचं. प्रत्यक्षात पाटीने बातम्यांइतकीच जागा खाल्ली. कारण मुंग्या. व्हीएचएसच्या मुंग्या प्रत्येक फ्रेमला नव्या असतात, आणि एनकोडरच्या लेखी प्रत्येक मुंगी ही ताजी खबर. तो इमानेइतबारे सगळ्यांची नोंद ठेवतो. निवेदिकेचा चेहरा थोड्या बिटांत होतो. जागा जाते ती तिच्या मागच्या सपाट निळ्या पडद्याला.

मुंग्या कमी करणारा फिल्टर हलकासा लावला तर त्याच सीआरएफला फाइल निम्म्याच्या आसपास आली. जोरात लावला तर आणखी खाली. पण मग चेहरे मेणाचे होतात, केस एकजीव होतात आणि पैठणीचा काठ पुसट. माझ्या मते, जिथे मुंग्या गेल्याचं कळतं तिथे फिल्टर जास्त झालेला असतो.

रंगाला इलाज नाही. व्हीएचएस उजेडाचा सिग्नल जेमतेम ३ मेगाहर्ट्झपर्यंत ठेवतं आणि रंग खाली ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास आणून कोंबतं. रंगाचा तपशील त्यामुळे फारच थोडा. लाल कुंकू कपाळावर उजवीकडे ओघळलेलं दिसतं. रंगाचा थर दोन-चार पिक्सेल डावीकडे आणि किंचित वर सरकवला तर बरं दिसतं, पण ओघळ जात नाही. उंच इमारतीवर आपटून आलेल्या सिग्नलचं भूत, म्हणजे प्रत्येक माणसाशेजारी त्याचीच फिकी आकृती, तेही टेपवर तसंच नोंदलं गेलंय. ते राहू दिलं. आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला तेवढंच दिसत होतं.

ठरवलेली सेटिंग: डाव्या-उजव्या कडांचे आठ-आठ पिक्सेल कापून ७०४, मग ताणून ७६८ बाय ५७६. काही फोन पिक्सेलच्या लांबी-रुंदीचं प्रमाण पाळत नाहीत आणि माणसं उंच-किडकिडीत दाखवतात, म्हणून चौकोनी पिक्सेलच बरे. तळाशी एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना येणाऱ्या फाटक्या रेषा पाहायच्या प्रतीत काळ्या पट्टीने झाकल्या, मास्टरमध्ये तशाच. सीआरएफ १८, प्रीसेट स्लो, आवाज एएसी.

७ जानेवारी २०२४, रविवार

पेटीच्या तळाशी व्हीसीडी निघाल्या. २००३ च्या सुमारास घराजवळच्या एका दुकानातून बाबांनी काही कॅसेटी व्हीसीडीत करून घेतल्या होत्या. तेव्हा हे सगळेच करत. लग्नाच्या कॅसेटींचंही तेच झालं. आणि ‘आता सीडीत आहे’ म्हणून त्यातल्या काही कॅसेटी रद्दीत गेल्या.

सुदैवाने एक कार्यक्रम दोन्हींकडे आहे: कॅसेटही वाचली आणि व्हीसीडीही. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. व्हीसीडी म्हणजे एमपीईजी-१, ३५२ बाय २८८, चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट. आडव्या दिशेने नुकसान मला वाटलं त्यापेक्षा कमी. व्हीएचएसमध्येच आडवा तपशील इतका तुटपुंजा असतो की ३५२ पिक्सेल त्याला बऱ्यापैकी पुरतात. खरा घाव दुसरीकडे: २८८ रेषा म्हणजे एक अख्खी फील्ड फेकून दिलेली. निम्म्या रेषांसोबत निम्मी हालचालही गेली. गाणाऱ्याची तान चालू असताना हात टप्प्याटप्प्याने उडतो. आणि मुंग्यांपायी ११५० किलोबिट कुठेच पुरत नाहीत, त्यामुळे चित्र चौकोनांत फुटतं. दुकानदाराने चूक काही केलं नाही. ८० मिनिटांच्या सीडीत तेवढंच बसत होतं.

डिस्कवरच्या एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल उचलून घेतली. व्हीसीडीत चित्राच्या सेक्टरना डेटा सीडीइतकं चूकदुरुस्तीचं कवच नसतं. ओरखडा तिथे थेट चित्रात दिसतो. या फाइली पुन्हा कॉम्प्रेस करायच्या नाहीत. आहेत तशाच ठेवायच्या, कारण त्यांच्या कॅसेटी आता नाहीत.

१४ जानेवारी, रविवार

‘ग्रहण’ लेबलाची कॅसेट. २४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळीतलं खग्रास सूर्यग्रहण. खग्रासचा पट्टा राजस्थानातून बंगालपर्यंत गेला. इथे खंडग्रासच होतं, त्यामुळे दूरदर्शनचं थेट प्रक्षेपण हाच आमच्यापुरता खग्रास अनुभव. बाबांनी सकाळी उठून टेप लावलेली. खग्रास अवस्था जेमतेम मिनिटभराची.

कॅप्चरच्या आधी लेव्हल. ८ बिटमध्ये, म्हणजे ० ते २५५ च्या मापावर, काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. व्हीएचएसचा पांढरा वर उसळतो, आणि हिऱ्याच्या अंगठीच्या, म्हणजे कडेला सूर्याचा एकच ठिपका चमकतो त्या, क्षणी तर फारच. व्हर्च्युअलडबच्या हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) उजवा लाल भाग भरू लागला, म्हणून ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही खाली आणून तो तुकडा परत घेतला. कॅप्चरमध्ये जो पांढरा कापला गेला तो नंतर कुठल्याही फिल्टरने उगवत नाही.

एनकोडिंगला मात्र या एका मिनिटाने पूर्ण संध्याकाळ खाल्ली. काळं आकाश, मध्ये काळी चकती आणि भोवती हळूहळू विरत जाणारी प्रभा. मुंग्या कमी केल्या तर त्या विरण्याचे ठळक पट्टे पडतात, कडी पडावीत तसे. म्हणजे मुंग्याच त्या पायऱ्या लपवत होत्या! त्या तशाच ठेवल्या तर सीआरएफ १८ लाही एनकोडर काळ्या भागात कंजुषी करतो आणि अंधारात चौकोन सरकताना दिसतात. शेवटी दोन गोष्टी केल्या: फिल्टर अगदी हलका, आणि एनकोडिंग १० बिट एचईव्हीसीमध्ये, म्हणजे एच.२६४ नंतरच्या कोडेकमध्ये. कॅप्चर ८ बिट असलं तरी फिल्टर अनेक फ्रेमची सरासरी काढतो तेव्हा मधल्या छटा तयार होतात. त्यांना बसायला १० बिटमध्ये जागा असते. १० बिट एच.२६४ घेतलं असतं तर घरातल्या टीव्हीने चालवलंच नसतं.

आत्याने घरच्या ग्रुपवर मागितलं. तिथे टाकलं की फोन ते पुन्हा कॉम्प्रेस करतो आणि प्रभेची परत कडी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं.

२६ जानेवारी, शुक्रवार

‘विसर्जन ९३’. पहिला भाग लेबलाप्रमाणे: मिरवणुका, गर्दी, गुलाल. कॉम्प्रेशनची याहून कडक परीक्षा नाही. उडणारा गुलाल, समुद्राचं पाणी आणि हलती माणसं, म्हणजे एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाजच बांधता येत नाही. बिटरेट बातम्यांच्या दुप्पट-तिप्पट गेला. जाऊ दिला.

मग सांधा, दोन सेकंद लोळणारं चित्र, आणि थेट दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळच्या बातम्या. किल्लारीचा भूकंप. अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरची; विसर्जन आटोपून लोक झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबाद हादरलं. बाबांनी लेबल बदललं नाही. कदाचित लिहावंसं वाटलं नसेल.

या टेपचे दोन भाग करून वेगवेगळ्या नावांनी ठेवणार होतो. ठेवले नाहीत. पाहायच्या प्रतीतही सांधा तसाच आहे. फक्त फाइलच्या नावात दोन्ही तारखा घातल्या, नाहीतर शोधायला बसणाऱ्याला हे बुलेटिन कधीच सापडणार नाही. मुंग्यांचा फिल्टर इथे अजिबात लावला नाही. ढिगाऱ्याची दृश्यं आधीच धूसर आहेत आणि त्यात काय तपशील आहे, काय मुंगी आहे, हे ठरवण्याचं काम फिल्टरवर सोपवावंसं वाटेना.

११ फेब्रुवारी, रविवार

साठवण. हफवाययूव्हीतल्या एव्हीआय फाइली एमकेव्हीत, एफएफव्ही१ कोडेकमध्ये बदलल्या. हाही लॉसलेस, पण जागा आणखी कमी घेतो, आणि तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक तुकड्याला स्वतःचा चेकसम, म्हणजे बिघाड पकडणारा पडताळ्याचा आकडा, असतो. डिस्क कुजायला लागली तर कुठली फ्रेम बिघडली ते कळतं. २०२१ पासून त्याचं आरएफसी ९०४३ हे लिखित तपशीलपत्रकही आहे, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी कुणीतरी नव्याने डिकोडर लिहू शकेल. बदलताना दोन्ही फाइलींच्या प्रत्येक फ्रेमचा एमडी५ (असाच पडताळ्याचा आकडा) एफएफएमपेग या प्रोग्रामने काढून ताडून पाहिला. सगळे जुळले, मगच एव्हीआय पुसल्या.

एक डिस्क इथे, एक ताईकडे कोल्हापूरला. पाहायच्या प्रती एका पेन ड्राइव्हवर आईच्या टीव्हीला लावून दिल्या आहेत. तिला फॉरमॅटशी देणंघेणं नाही. गाणी कुठल्या बटणावर आहेत ते कागदावर लिहून हवं होतं, दिलं.

राहिलेलं: बुरशीवाला डबा. त्यासाठी मेकॅनिक काकांनी एक मोडका व्हीसीआर बघून ठेवलाय, ज्याचे हेड खराब झाले तरी चालतील. त्यावर नुसती टेप फिरवत कोरडी पुसायची आणि मग चांगल्या मशीनवर लावायची. पावसाच्या आत उरकायला हवं. ‘पुसू नये’ही त्याच डब्यात आहे.